खिडकीतली वाकळ

कोल्हापूर,
२१ जानेवारी २००५

प्रिय आक्का,

काल संध्याकाळी तुझी सून संयोगिता माझा स्टीलचा डबा परत देऊन गेली. डबा रिकामा होता. घासलेला, पुसलेला, कोरडा आणि रिकामा. म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. आधी फोन करून पाहिला. तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी लोकांचे फोन जोडण्यात गेली. माझाच फोन असा आपटणारी तू पहिली. तुझ्या सोप्यावर येऊन बोलले असते, पण तिथं शेजारच्या चार बायका गहू निवडत बसलेल्या असतात आणि त्यांच्यासमोर तू तोंड फिरवलंस तर ते गल्लीभर होईल. तेव्हा पत्र. हे संयोगिताकडून वाचून घेऊ नकोस. तू चौथीपर्यंत शिकली आहेस आणि पेपरातलं निधनवृत्त एकही सोडत नाहीस. मी मुद्दाम मोठ्या अक्षरात, ओळी सोडून लिहिलंय. चष्मा लाव, सावकाश वाच. मध्येच चुलीत घालू नकोस, पुढं तुझ्या सासूचं नाव आलंय.

यातलं निम्मं तुला ठाऊकच आहे. तरी लिहिते, कारण जे दोघींना ठाऊक होतं ते आपण कधी बोललोच नाही. मी या घरात राहायला आले तेव्हा माझी नोकरी नवी होती आणि आमचे अण्णासो एसटीत चंदगडच्या गाडीवर ड्रायव्हर होते. आठवड्यातले निम्मे दिवस ते तिकडंच मुक्कामाला. मला प्रसेनजीतच्या वेळचे दिवस गेले होते, पोटात पाणी ठरत नव्हतं आणि घरात विचारणारं माणूस नव्हतं. माझं माहेर मलकापूरला. आई येईपर्यंत महिना गेला असता. एका सकाळी आतल्या खोलीत मोरीशी बसून ओकत होते, तर खिडकीच्या गजातून एक हात आत आला. काकणं भरलेला हात, हातात वाटी. मागून तुझा आवाज, "तुजं वकनं आयकून माज्या गळ्याखाली घास उतरंना. आंबील हाय. पी गप." मी तुझं तोंड तोवर नीट पाहिलंही नव्हतं. आंबील प्याले, ती पोटात राहिली. मी वाटी धुऊन देऊ लागले तर तू म्हणालीस, "रिकामी देतीस व्हय? रिकामं भांडं माघारी आलं की संबंध सपला म्हनत्यात. चिमूटभर साखर तरी टाक की. आनि लौकर दे, म्हातारी भांडी मोजती." मी बी.ए. झालेली. असल्या समजुतींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण मी साखर टाकली. त्यानंतर आजतागायत तुझं एकही भांडं माझ्याकडून रिकामं गेलेलं नाही आणि माझंही तुझ्याकडून आलेलं नाही, कालपर्यंत. तेव्हा त्या डब्याचा अर्थ मला कळला नाही असं समजू नकोस. तो अर्थ मला तूच शिकवला आहेस.

म्हातारी म्हणजे तुझ्या सासूबाई, बाळाबाई. दिवसभर सोप्याच्या कट्ट्यावर मिसरी लावत बसायच्या आणि गल्लीत कोण कुणाच्या दारात गेलं ते त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. आम्ही त्यांना चालत नव्हतो. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्या दोन तसबिरी दारातून दिसायच्या. बाळाबाई मला वाईट कधी बोलल्या नाहीत, हे मी न्यायानं लिहिते. मी ऑफिसला जाताना पदर सावरून बाजूला व्हायच्या, एवढंच. तू आमच्या पायऱ्या चढली असतीस तर तुझं त्या घरात काय झालं असतं ते तुला माहीत होतं आणि मलाही. पण मागचा बोळ त्यांना कट्ट्यावरून दिसत नव्हता. तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि माझ्या आतल्या खोलीची खिडकी समोरासमोर, हात लांब केला की हाताला हात लागावा एवढ्या अंतरावर. मग आपलं सगळं त्या खिडकीतून चाललं. वाट्या गेल्या, डबे गेले, कोडोलीच्या तुझ्या माहेरचा गूळ आला, वैशाखी पौर्णिमेची माझी खीर गेली. एकदा तर तू जिवंत कोंबडी गजातून घुसवलीस आणि ती माझ्या इस्त्रीच्या साडीवर बसली.

वाकळही त्या खिडकीतूनच आली. प्रसेनजीत सव्वा महिन्याचा होता. तू ती वळकटी करून गजातून एकेक वीत आत ढकलत होतीस आणि इकडून मी ओढत होते. वरचा थर तुझ्या हिरव्या काठाच्या लुगड्याचा, खालचा माझ्या पांढऱ्या पातळाचा. ते माझं लग्नातलं पातळ, रोज ऑफिसला नेसून विरलं होतं, ते तूच मागून नेलं होतंस. मग तू गजाला तोंड लावून हळूच म्हणालीस, "मदल्या थराला कुनाचं लुगडं हाय, वळख." मला ओळखता आलं नाही. "म्हातारीचं! तिला वाटतंय बोहारणीला दिलं. तिला सांगू नगो, न्हाईतर मलाच शिवंल वाकळीत." आक्का, मी सहसा मोठ्यानं हसत नाही. त्या दिवशी इतकी हसले की पोर उठलं. ज्या बाईला आमची सावली नको होती, तिच्या लुगड्यात माझा मुलगा दोन वर्षं झोपला आणि त्यानं ते रोज भिजवलं. त्या पुढं पुष्कळ वर्षं जगल्या आणि त्यांना हे कधीच कळलं नाही.

आता त्या एसीचं सांगते, कारण भांडण तिथून सुरू झालंय असं तू धरून चालली आहेस. गेल्या मार्चमध्ये अण्णासोंना दम्याचा मोठा झटका आला, ते तू पाहिलंस. घरी आणताना डॉक्टरांनी सांगितलं की धूळ आणि धूर यांच्यापासून सांभाळा, खिडक्या बंद ठेवा. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये खिडक्या बंद ठेवून माणूस दम्यानं नाही तर उकाड्यानं जाईल. प्रसेनजीत पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून आला आणि एसीच घेऊन आला. त्या खोलीला खिडकी एकच. मी त्याला म्हटलं, दुसरी जागा बघ. तो म्हणाला, "आई, भिंत फोडू का?" गज कापले, दारं काढून माळ्यावर टाकली आणि त्या चौकटीत ती पेटी बसवली. तू समोरून बघत होतीस. म्हणालीस, "प्रसन्या, ह्यो राक्षस माज्याकडं ढुंगान करून बसवतुयास व्हय रं?" तो लाजला. पण तू नंतर कुरकुर केली नाहीस. मे महिन्यात त्याचा सगळा गरम वारा तुझ्या स्वयंपाकघरात येत होता आणि तू खिडकीत कुरडया मांडून ठेवल्यास. "तुज्या राक्षसानं एक काम झ्याक केलं. दुपारपातुर कडकडीत!" त्याच्या पाण्याखाली तू बादली ठेवलीस आणि त्यावर तुझा कढीपत्ता कमरेएवढा झाला. हे सगळं मी विसरलेले नाही. अण्णासो त्या उन्हाळ्यात शांत झोपले त्याला निम्मं कारण एसी आणि निम्मं कारण तू तक्रार केली नाहीस हे.

वाट्या मात्र तेव्हापासून रस्त्यानं फिरू लागल्या, संयोगिताच्या हातून. तुझी सून गुणी आहे. ती आमच्या पायऱ्या धडाधड चढते, थेट स्वयंपाकघरात येते, न विचारता फ्रीज उघडून पाण्याची बाटली तोंडाला लावते. पहिल्या दिवशी मला दचकायला झालं, मग सवय झाली. एसीच्या वर वीतभर मोकळी जागा राहिली होती, तिथं प्रसेनजीतनं पातळ फळी अडकवून दिली होती. ती नीट बसली नव्हती, आणि त्या फटीतून तुझा आवाज मला ऐकू यायचा. "मीने, जिती हाईस का?" मी एसीच्या वर तोंड करून ओ द्यायचे. अण्णासो म्हणायचे, दोघी त्या यंत्राला नवस बोलल्यासारख्या दिसता.

दिवाळी झाली, थंडी सुरू झाली, एसी बंद केला. बंद एसी म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक, हे मला तेव्हा कळलं. बाजूंनी बोटबोट फटी, वरून ती फळी. पहाटेचा गार वारा सरळ अण्णासोंच्या डोक्यावर. त्यात कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते तशी ती आत येऊन त्यांच्या उशीवर पडायला लागली. सकाळी उशी झटकली की काळी रेघ. खोकला पुन्हा सुरू झाला. मी हातावर हात ठेवून बसणारी नाही. आधी वर्तमानपत्रं दुमडून कोंबली, ती दोन दिवसांत सर्दाळली. मग थर्मोकोल आणला. त्याला नुसता वारा लागला तरी तो करकरायचा आणि त्याचे दाणे घरभर. मग बाजारात गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडून स्पंजाच्या पट्ट्या कापून आणल्या आणि बाजूच्या फटी घट्ट बुजवल्या. तेवढं जमलं. वरच्या वीतभर जागेचं काही जमेना. स्पंज तिथं टिकत नव्हता, खाली घसरायचा.

शिवाय तो एसी दिसायला वाईट. माझं म्हणशील तर मला घरात उघडी यंत्रं खपत नाहीत. शिलाई मशीनवरही मी कापड घालते. प्रसेनजीत फोनवर म्हणाला, प्लॅस्टिकचं कव्हर मिळतं, आणतो. म्हणजे खोलीत कायमचा एक राखी रंगाचा गाठोड्यासारखा पाहुणा. मी आकाराम सुताराला बोलावलं. एसीच्या भोवती आतून प्लायवुडची चौकट करून घेतली आणि त्याला म्हटलं, दारं नवी नकोत, माळ्यावर जुनी आहेत ती लाव. तो म्हणाला, "बाई, त्यांच्या बिजागऱ्या गेल्यात की. नव्या फळीची देतो, झ्याक दिसंल." मी म्हटलं, बिजागऱ्या बदल, दारं तीच. कडीही तीच. दारं बसवून, कडी लावून आकाराम गेला आणि मी खोलीच्या मधोमध उभी राहून पाहिलं, तर माझी खिडकी परत आली होती. एसीचा मागमूस नाही. तीच दोन दारं, तीच कडी, तिच्याखाली तुझ्या वाट्या आपटून पडलेला खड्डासुद्धा. उन्हाळ्यात दारं उघडली की एसी चालेल, थंडीत मिटली की खिडकी मिटलेली दिसेल. अण्णासोंना इतकं आवडलं की दोन दिवस आल्यागेल्याला दाखवत होते.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी दुसरं फर्मान काढलं. घरातली जुनी अंथरुणं, वाकळा, गोधड्या सगळ्या काढून टाका, त्यांत धूळ साठते. मी भावनेच्या आहारी जाणारी बाई नाही. होतं नव्हतं ते त्याच दिवशी बांधून देऊन टाकलं. शेवटी तुझी वाकळ हातात आली. प्रसेनजीत मोठा झाल्यावर अण्णासो ती गुडघ्यावर घेऊन बसायचे. ती मी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा खाली ठेवली. खोलीत ठेवायची नाही आणि द्यायची तर नाहीच. मग मी ती सोड्याच्या पाण्यात धुतली, गच्चीवर कडक उन्हात वाळवली, आणि मेणकापडाची गवसणी शिवून तिच्यात घातली. चारी बाजू शिवून बंद केल्या, आतली धूळ बाहेर नको आणि बाहेरची काजळी आत नको. आणि तिची घडी करून एसीच्या वरच्या त्या वीतभर जागेत बसवली, फळी सरकवून तिच्या पलीकडं. मापानं बेतल्यासारखी बसली. त्या रात्री वारा आला नाही. सकाळी उशी स्वच्छ. अण्णासोंचा खोकला आठवड्यात कमी झाला आणि त्यानंतर त्यांना दवाखान्याची पायरी चढावी लागलेली नाही. सध्या ते रोज मैदानापर्यंत फिरून येतात आणि जुन्या ड्रायव्हर मंडळींत बसून राजकारण करतात. आमचं बरं चाललंय, आक्का. सांगण्यासारखं बरं चाललंय आणि ते सांगायला तू नाहीस.

काल डबा देताना संयोगिता नेहमीसारखी आत आली नाही. पायरीवरच उभी राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काकू, आत्या लई रागाला आल्यात. महिनाभर हाका मारतायत, तुम्ही ओ दीत न्हाई. आनि वर त्यांनी शिवलेली वाकळ बोळात चिंधीवानी लोंबतीया म्हनं. आत्या म्हनल्या, माजी वाकळ भोकात कोंबली, आता माजं काय ठेवलंय." मी तशीच चप्पल घालून बोळात गेले. वर पाहिलं. उंदरानं मेणकापडाचा एक कोपरा कुरतडला होता आणि त्यातून तुझ्या लुगड्याचा हिरवा काठ बाहेर आला होता, काजळीनं काळा पडलेला. बाहेरून पाहणाऱ्याला चिंधीच वाटावी. तुझ्या जागी मी असते तर मीही डबा रिकामाच पाठवला असता. तेवढं मान्य.

पण हाकांचं ऐक. मला तुझी एकही हाक ऐकू आलेली नाही. मला वाटलं, थंडीत तू खिडकी लावून घेतेस. मला वाटलं, सून आली, आता मीनाशी बोलायची गरज उरली नसेल. मीही मानी आहे, म्हटलं, नाही बोलत तर नाही. काल संयोगिता गेल्यावर मी अण्णासोंना बोळात उभं केलं आणि म्हटलं, मला हाक मारा. मी आत दारं मिटून उभी राहिले. काही ऐकू येईना. थोड्या वेळानं ते घरात आले, घसा धरून. म्हणाले, "अगं पार घाटात गाडी बंद पडल्यावर मारतात तसल्या हाका मारल्या, समोरची म्हैस उठून उभी राह्यली." तुझी वाकळ वारा अडवते, काजळी अडवते आणि तुझा आवाजही अडवते. इतकी दाट शिवली आहेस. महिनाभर तू माझ्या नावानं ओरडत होतीस आणि तुझंच शिवणकाम तुला आत येऊ देत नव्हतं. यात रागावण्यासारखं काय आहे ते तू ठरव. मला काल आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

तू मात्र असं समजू नकोस की मी इकडं मजेत होते. मागच्या महिन्यात घेवड्याची आमटी केली, वाटी भरली, खिडकीशी गेले, कडी काढली, दार उघडलं आणि वाटी पुढं केली. समोर एसी. हात तसाच धरून मी उभी. अण्णासो पलंगावरून बघत होते. म्हणाले, "त्याचा उपास असंल आज." आमटी झाकून ठेवली. आकारामानं ती दारं इतकी हुबेहूब बसवली की माझा हातच फसला. आणि काल संयोगिता पायरीवर उभी होती तेव्हा तिचा पदर वाऱ्यानं उडाला आणि मला दिसलं की तिला दिवस गेलेत. चार-पाच महिने तरी झाले असतील. आक्का, हे मला पदर उडाल्यावर कळावं? पूर्वी तुझ्या घरात दूध नासलं तरी मला आधी कळायचं.

तेव्हा आता नीट वाच. वाकळीला कात्री लागलेली नाही. एक टाका उसवलेला नाही. कोपरा काळा झालाय तो धुतला की निघेल. हे मी लिहून तुला पटणार नाही, तुला डोळ्यांनी बघायला लागतं. पण ती काढून तुझ्या सोप्यावर दाखवायला मी आणणार नाही. थंडी अजून आहे, आणि त्या फटीतून वारा आला तर अण्णासो खोकतील. बाहेरून पाहशील तर काळा कोपराच दिसेल. आतून दारं उघडून, फळी सरकवून पाहशील तर सगळी दिसेल, तू घातलेल्या टाक्यांसकट. त्यासाठी आत यावं लागेल.

आणि हे पत्र मी वाकळीसाठी लिहिलेलं नाही, हे तुलाही एव्हाना कळलं असेल. इतकी वर्षं शेजारी राहून तू माझ्या घरात पाऊल टाकलेलं नाहीस आणि मीही तुझ्या सोप्याच्या आत आलेले नाही. बाळाबाई होत्या तोवर त्याला कारण होतं. त्या गेल्यावर कारण गेलं आणि खिडकी राहिली. अण्णासोंना दवाखान्यातून आणलं त्या दिवशी तू चहाचा थर्मास घेऊन आमच्या पायरीखाली उभी होतीस. मी थर्मास घेतला आणि 'आत ये' म्हटलं नाही. तू नको म्हणाली असतीस तर ते मला ऐकायचं नव्हतं. खिडकीत तो प्रश्नच यायचा नाही, म्हणून आपल्याला ती बरी वाटायची. आता ती उघडायची नाही. अण्णासो आहेत तोवर एसी तिथंच राहील, आणि ते पुष्कळ वर्षं राहावेत अशी माझी इच्छा आहे. म्हणून जे तेव्हा म्हटलं नाही ते आज लिहून म्हणते. ये. समोरच्या पायऱ्या चढून, दिवसाढवळ्या, गहू निवडणाऱ्या बायका बघत असताना ये. चपला दारात काढ, तसबिरींच्या खालून सरळ आतल्या खोलीत ये आणि कडी तुझ्या हातानं काढ. ज्या बाईच्या नजरेपासून लपायला आपण ती खिडकी धरली, तिचंच लुगडं आता खिडकीत बसलंय. त्यांना तिथं बसू दे. दारावर आता कुणी नाही.

तुझीच,
मीना

ता. क. संयोगिताच्या हाती दिलं ते असं. तोच स्टीलचा डबा, आत सोलाण्याची उसळ. परवा या डब्यात हीच उसळ पाठवली होती आणि तिच्यावर तू राग काढलास, तेव्हा पुन्हा तीच केली आहे. माझी दोन जुनी सुती पातळं, धुतलेली, येणाऱ्या बाळाच्या वाकळीसाठी. मधल्या थराला सासूचं लुगडं लागतं, ते मी देऊ शकत नाही. आता सासू तू आहेस. आणि हे पत्र. पातळं ठेवून घे. डबा परत हवा आहे, पण तो मी संयोगिताच्या हातून घेणार नाही.